मेल बंद पडला की

१

वहिनींच्या दिवसाची सुरुवात लोकांच्या दातांनी व्हायची. चहा झाला की जिना उतरून खाली लॅबमध्ये यायचं, कॉम्प्युटर चालू करायचा, की समोर तोंडंच तोंडं. दातांचे डॉक्टर मेल टाकून ठेवायचे: वरची डावी दाढ, खालचे पुढचे दोन, कुणाची अख्खी कवळी, आणि सोबत आ वासलेला फोटो. वहिनी प्रत्येक फोटोला मनातल्या मनात "काय, कसं काय?" म्हणायच्या. रस्त्यात एखादा अनोळखी माणूस हसला, की नाव आठवायच्या आधी त्यांना आठवायचं, अरे, हा तर आपला पुढच्या दातांचा ब्रिज.

वहिनी म्हणणारे तसे एकटे भावोजीच, म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते पॅसेजपलीकडच्या खोलीत भट्टीजवळ बसून दात घडवायचे. पण त्यांचं ऐकून डॉक्टर, कुरिअरवाला, दूधवाला सगळेच वहिनी म्हणायला लागले होते. "मला नवऱ्यापेक्षा दीरच जास्त झालेत," असं वहिनी म्हणायच्या. नवरा होता तेव्हा म्हणायच्या. गेल्या वर्षी तो झोपेत गेला. त्यानंतर हा विनोद त्यांनी बंद केला.

नवऱ्याला त्या "मालक" म्हणायच्या. मालकांना कशाचाही दुसरा नग जवळ असल्याशिवाय चैन पडायचं नाही. दोन छत्र्या, दोन चष्मे, दोन टॉर्च. मेलचंही तेच. लॅबचा मुख्य पत्ता होता तो अधूनमधून मान टाकायचा. स्कॅनच्या फाइली इतक्या जड, की फोनवरून यायच्या नाहीत. मेल बंद म्हणजे लॅब बंद. म्हणून मालकांनी दोन जादा पत्ते काढून ठेवले होते, तेही दोन वेगळ्या कंपन्यांकडे.

"एकीकडेच दोन्ही ठेवले तर दोन्ही एकदम बुडतील," ते म्हणायचे. "तुझा एकीकडे, माझा दुसरीकडे. एक बुडाला तर दुसरा हात देईल."

"हे तुम्ही लग्नाआधी सांगायला हवं होतं," वहिनी म्हणायच्या.

मेल बंद पडला की दोघांचं ठरलेलं काम असे. वहिनी समोरच्या खोलीत, आपल्या टेबलाशी बसून सगळ्या डॉक्टरांना फोन लावायच्या, की बाबांनो, त्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवा. मालक त्यांच्या पाठीमागच्या प्लॅस्टरच्या खोलीत जायचे. तिथे साचे ओतायचं टेबल आणि कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्युटर होता. त्यावरून ते आपल्या जादा पत्त्यावरून वहिनींच्या जादा पत्त्यावर एक मेल टाकून बघायचे, पोचतोय का म्हणून. त्यात कायम एकच ओळ: आज कोणती शेड?

शेड म्हणजे दाताचा रंग. आपल्याला वाटतं, दात पांढरे. लॅबमध्ये पांढऱ्याची अख्खी पट्टी असते. ए-वन म्हणजे जाहिरातीतला, ए-थ्री म्हणजे चहाबाज, सी-फोर म्हणजे वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेला. पण मालक दाताचं विचारत नसत. ते वहिनींच्या मूडचं विचारत. आणि वहिनी उत्तर द्यायच्या, "ए-थ्री. चिडलेली आहे, लांब राहा."

त्या दिवशी सकाळी मेल बंद पडला. वहिनींनी एका हाताने डॉक्टरांना फोन लावला, दुसऱ्या हाताने जादा पत्ता उघडला. वर एक नवा मेल होता.

आज कोणती शेड?

"हो डॉक्टर, त्याच पत्त्यावर. हो, फोटो पण," फोनवर बोलता बोलता वहिनींनी उत्तर टाइप केलं. "सी-टू. वैतागलेली." पाठवलं. फोन ठेवला.

मग त्यांचा हात माउसवरच राहिला.

२

माणसाचं डोकं मोठं कामसू असतं. असल्या वेळी ते लगेच बाह्या सावरून कामाला लागतं. वहिनींचंही लागलं. कुठेतरी अडकलेला जुना मेल असेल, आत्ता सुटला. पण तारीख आजची होती. मग कुणीतरी मालकांचा पत्ता उघडून बसलं असेल. पण कोण?

त्या पॅसेज ओलांडून गेल्या. भावोजी एका सुळ्यावर ब्रश फिरवत होते.

"भावोजी, यांच्या त्या जादा पत्त्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का हो?"

"वहिनी, मला माझा पासवर्ड आठवत नाही. म्हणून तर मी भट्टीवर आणि तुम्ही मेलवर."

"नाही, सहज विचारलं."

"तुम्ही सहज काही विचारत नाही," भावोजी म्हणाले, पण डोळे सुळ्यावरच होते. हातातलं काम सोडून ते कुणाकडे बघत नसत.

लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या शहरात शिकायला होती आणि आईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही यावर तिची गाढ श्रद्धा होती.

"आई, हॅक झालंय ते. बाबांचा पत्ता कुणीतरी ढापलाय. तू उत्तर नाही ना दिलंस?"

"छे गं."

"दिलंस."

"एवढंसं दिलं."

"आई!"

मुख्य मेल तोवर सुरू झाला होता. वहिनींनी मालकांच्या पत्त्यावर पुन्हा एक ओळ पाठवून बघितली: कोण आहे? ती तत्काळ परत आली. असा पत्ता अस्तित्वात नाही. पुन्हा पाठवली. पुन्हा परत.

प्लॅस्टरच्या खोलीचं दार ढकलून त्यांनी आत बघितलं. म्हातारा कॉम्प्युटर प्लॅस्टिकखाली होता, वायर गुंडाळून वर ठेवलेली. प्लॅस्टिकवर पांढरी धूळ, आणि धुळीला कुणाचा हात लागलेला नव्हता. फळ्यांवर ओळीने साचे. सगळ्यांचे जबडे मिटलेले.

३

पुढच्या वेळी मेल बंद पडला तेव्हा वहिनींनी डॉक्टरांना फोन नंतर केले. आधी जादा पत्ता उघडला.

आज कोणती शेड?

आता वहिनी काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "मी तुमच्यावर पहिल्यांदा कशावरून रागावले होते?"

उत्तर यायला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात मागून आवाज यायला लागला. टक. टक टक. टक. मालक दोन बोटांनी टाइप करायचे. कोंबडी दाणे टिपते तसं, असं वहिनी चिडवायच्या. त्यांनी स्वतःला सांगितलं, भावोजींची भट्टी गार होत असेल, तापलेलं लोखंड वाजतं. भट्टी पॅसेजपलीकडे होती. आवाज पाठीमागून येत होता.

उत्तर आलं. "तुझ्या आत्याची कवळी मी फुकट बसवून दिली आणि ती आपल्या लग्नाच्या फोटोत सैल निघाली. अजून बोलते त्यावर. आत्या पण आणि कवळी पण."

वहिनी हसल्या. मोठ्याने, तोंडावर हात न धरता. किती दिवसांनी हसल्या ते त्यांनाच ठाऊक. डोळे पुसत त्यांनी लिहिलं, "कुठे आहात हो?"

"कुठे म्हणजे? आत. प्लॅस्टर कालवतोय. तू तर समोर बसली आहेस, मेल काय पाठवतेस? हाक मार की."

वहिनींच्या मानेवरून काहीतरी सरकलं. त्या समोरच्या खोलीत टेबलाशी बसल्या होत्या. प्लॅस्टरच्या खोलीच्या दाराला वर काच होती. तिथून बघितलं तर त्यांची पाठ दिसली असती.

त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. आवाज बाहेर यायच्या आत कॉम्प्युटरने टुणकन आवाज केला. मुख्य मेल सुरू झाला होता. दहाबारा तोंडं एकदम आत आली. मागे शांत झालं.

४

तेव्हापासून वहिनी मेल बंद पडायची वाट बघायला लागल्या. दातांच्या धंद्यात असा मेलच्या मुळावर उठलेला माणूस दुसरा झाला नसेल. सकाळी कॉम्प्युटर चालू करताना त्या पुटपुटायच्या, "पड रे बाबा." पडला नाही की तोंड उतरायचं. एकदा तर त्यांनी इंटरनेटची वायरच उपटली, डॉक्टरांना खोटंच सांगितलं, मेल बंद आहे म्हणून. फोनवरून जादा पत्ता उघडून बसल्या. काही आलं नाही. खोटं बंद पडणं तिकडे चालत नव्हतं. एका वकीलबाईंचा पुढचा दात तेवढा लांबला आणि त्यांना दोन तारखांना ओठ मिटून युक्तिवाद करावा लागला.

भावोजी येऊन दारात उभे राहिले. "वहिनी, तुमचं चाललंय काय?"

"कुठे काय?"

"हसता काय, एकट्या बोलता काय. डॉक्टरांचे फोन मला येतात. मी दात करू की फोन घेऊ?"

वहिनींना वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर भावोजींनी काळजी केली असती, लेक पुढच्या गाडीने आली असती, आणि दोघांनी मिळून ते बंद केलं असतं. त्या म्हणाल्या, "आजपासून नाही बोलणार. खूश?"

"बोला हो," भावोजी जरा नरमले. "दादाशी बोलता ना? मी पण बोलतो भट्टीजवळ. फक्त मेल बघत जा."

असा अजून दोन-तीनदा मेल बंद पडला. दर वेळी थोडा वेळ मिळायचा. वहिनी घाईघाईत लिहायच्या: लेक बारीक झाली आहे, भावोजी पथ्य पाळत नाहीत, बाजूवाल्यांनी भिंत रंगवली, काय तो रंग, डी-थ्री. मालक चिडवायचे. पाठीमागे टक टक चालायचं. वहिनींनी मागे वळून बघायचं टाळलं होतं. बघितलं आणि काचेत काही नसलं तर?

मग एकदा मालकांनी लिहिलं, "केस मोकळे छान दिसतात तुझे. बांधत जाऊ नकोस."

वहिनींनी डोक्याला हात लावला. ते गेले त्याच महिन्यात त्यांनी केस कापून टाकले होते. मानेपर्यंतसुद्धा येत नव्हते.

त्यांचं कामसू डोकं पुन्हा बाह्या सावरून उठलं. जुनी आठवण असेल. गेलेल्या माणसाला तेच दिसत असेल जे त्याने शेवटचं बघितलं. वहिनींना हे पटलं. पटवून घेतलं म्हणा.

"मी काय करतेय आत्ता?" त्यांनी विचारलं.

"नेहमीचंच. बसली आहेस पाठ करून. हाक मारली तर वळत नाहीस. मघाशी मात्र उठून आत आलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास, उभी राहिलीस. एक शब्द नाही. बरं नाही का? हात गार होता."

वहिनी सकाळपासून खुर्चीतून उठल्या नव्हत्या.

५

लेकीने तिकडे बसून सगळं जमवलं होतं. "आई, नवीन मेल घेतलाय आपण. हा पडतच नाही. पडला तरी त्याचाच दुसरा भाग आपोआप उचलतो. तुला काही करायचं नाही. ते जुने जादा पत्ते काढून टाकायचे."

"कशाला काढायचे? पडून राहू देत ना."

"बाबांसारखं बोलू नकोस. एका पत्त्यावर कुणीतरी बसलंय ऑलरेडी. शनिवारी दुपारी जुना मेल बंद होईल, थोड्या वेळाने नवीन सुरू होईल. झालं."

"थोड्या वेळाने म्हणजे किती?"

"अर्धापाऊण तास. का गं?"

"नाही. डॉक्टरांना सांगायला."

शनिवारपर्यंत वहिनींनी सगळी कामं नीट केली. डॉक्टरांना वेळेवर फोन, कुरिअरच्या डब्यांवर नावं, वकीलबाईंचा दात स्वतः नेऊन दिला. भावोजी म्हणाले, "आल्या बाई वहिनी जागेवर." वहिनी हसल्या. मनात एकच चाललं होतं. शनिवारी शेवटचं. त्यानंतर मेल पडणार नाही, म्हणजे मालक परत एकदा जाणार, आणि या वेळी वहिनींना ते आधीच माहीत होतं.

आणि दुसरंही एक चाललं होतं. ते त्यांनी स्वतःलासुद्धा जरा लाजतच सांगितलं. त्यांना हेवा वाटत होता. ती जी कोण होती, मोकळ्या केसांची, तोंडातून शब्द न काढणारी, ती उठून आत जात होती. खांद्यावर हात ठेवत होती. आणि वहिनी सगळं आयुष्य बडबड करून इकडे टेबलाशी.

ठरलं मग. मालकांनी हाक मारली, की उठायचं आणि आत जायचं. आत काय असेल ते असेल.

६

शनिवारी दुपारी भावोजी डबे पोचवायला गेले. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. वहिनींनी चहा करून टेबलावर ठेवला आणि घेतला नाही.

मेल बंद पडला.

आज कोणती शेड?

वहिनींनी लिहिलं, "तुम्हीच बघून सांगा."

टक. टक टक. आता त्यासोबत आणखी एक आवाज होता. प्लॅस्टरमधले बुडबुडे काढायला खाली थरथरणारी मशीन असते, तिची घरघर. ती मशीन वर्षभर कुणी चालवली नव्हती. भावोजी प्लॅस्टरचे साचे बाहेरून करून आणायचे.

"पाठमोरी कशी सांगू शेड?" मालकांनी लिहिलं.

"ऐका. हा मेल आज कायमचा बंद होणार आहे. परत लिहिता येणार नाही. तुम्ही मला हाक मारा. मोठ्याने. मी येते."

मशीनची घरघर चालूच. मग एक ओळ आली.

"अगं, एकदम दोघी कशा बसलात?"

वहिनींनी मान हलवली नाही. समोर कॉम्प्युटर, त्याच्या कडेला चहाचा कप. चहाच्या वर आलेली साय थरथरत होती, घरघरीने असेल. त्यांच्या डावीकडे, खुर्चीला खुर्ची लागेल इतक्या जवळ, कुणीतरी श्वास घेतला. वहिनींचा श्वास त्या वेळी रोखलेला होता.

कडेच्या नजरेला केस दिसले. लांब, मोकळे, टेबलाच्या काठावरून खाली सोडलेले. त्यांच्या टोकांना पांढरी धूळ. तेवढेच. त्यापुढे बघायची वहिनींची छाती झाली नाही.

त्यांनी न बघता टाइप केलं, चुकतमाकत. "केस कापलेली ती मी. मला हाक मारा. मला."

मशीन थांबली. खोलीत इतकं शांत झालं, की बाहेरच्या बादलीतलं पाणी ऐकू आलं.

आणि पाठीमागून हाक आली. मेलमधून नाही, खरीखुरी, दारापलीकडून, घसा जरासा बसलेला, जसा सकाळी असायचा.

"अगं, ऐकलंस का?"

वर्षभर ज्या आवाजासाठी वहिनी उशीत तोंड खुपसत होत्या तो आवाज. त्यांच्या छातीतून ओ वर आला, गळ्यापर्यंत आला.

"ओ," डावीकडची म्हणाली.

वहिनींच्याच आवाजात. लाडिक, थोडं ओढून, जसं त्या लग्नानंतरच्या दिवसांत म्हणायच्या आणि पुढे म्हणेनाशा झाल्या. खुर्चीची चाकं सरकली. अनवाणी पावलं फरशीवरून मागे गेली, जराही न थांबता. दार उघडलं. आत मालक काहीतरी हळू बोलले. ती हसली.

दार लागलं.

"अहो, मी इथे!" वहिनी ओरडल्या. "अहो, मी! इकडे!"

कॉम्प्युटरने टुणकन आवाज केला. मग परत, मग सारखाच. नवीन मेल सुरू झाला होता. तोंडांवर तोंडं येऊन पडत होती, सगळी उघडी.

वहिनी उठल्या. खुर्ची पडली. दारापर्यंतची चार पावलं त्यांनी कशी टाकली ते त्यांना कळलं नाही. दार ढकललं.

कोणी नव्हतं. प्लॅस्टिक, त्याच्यावरची धूळ, गुंडाळलेली वायर, सगळं जिथल्या तिथे. फळ्यांवर साचे. मशीनची वायर भिंतीत लावलेलीच नव्हती.

टेबलावर मात्र प्लॅस्टरचा एक गोळा होता. ओला कालवलेला, नुकता घट्ट होत आलेला. दोन हातांत धरून दाबावा तसा दाबलेला. वहिनींनी तो जवळ घेऊन बघितला. एका बाजूला रुंद पंजा, आखूड बोटं, अंगठ्याजवळची ती चाकूने कापल्याची जुनी खूण. तो हात त्यांनी जन्मभर धरला होता. दुसऱ्या बाजूला दुसरा हात, लहान, निमुळत्या बोटांचा. दोघांनी मधे गोळा ठेवून एकमेकांचे हात धरले होते.

वहिनींनी दुसऱ्या बाजूच्या ठशात आपला हात ठेवून बघितला. बोटात बोट बसलं. एवढंसुद्धा कमी-जास्त नाही.

प्लॅस्टर घट्ट होताना तापतं. मुठीत धरलं तर माणसाच्या हातासारखं लागतं, थोडा वेळ. मग निवतं. बाहेर फोन वाजत होता, लेकीचा असेल, मेल आला का विचारायला. वहिनी टेबलाशी तशाच उभ्या राहिल्या. गोळ्यातली ऊब बोटांखालून कमी कमी होत चालली होती, आणि त्यांनी पकड आणखी घट्ट केली.